सीमाभागातल्या छोट्या धंद्याची वेबसाइट: खर्चाचा हिशेब कसा मांडायचा

बेळगावात एकाच वेबसाइटचा दर तीन ठिकाणी विचारून बघा. एक जण आठ हजार सांगेल, दुसरा पस्तीस, तिसरा सव्वा लाख. तिघांपैकी कुणीही लुबाडत असेलच असं नाही. तुम्ही नुसतं ‘वेबसाइट करायची आहे’ म्हणालात, आणि प्रत्येकाने स्वतःच्या डोक्यातली वेबसाइट धरून आकडा सांगितला. तेव्हा दर विचारायला बाहेर पडण्याआधी वही घेऊन बसायचं आणि आपल्याला काय हवंय ते लिहून काढायचं. निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी किंवा बेळगाव शहरात ज्यांचा छोटा धंदा आहे आणि ज्यांनी आजवर या भानगडीत हात घातलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खालचे दर बाजारातले साधारण अंदाज आहेत. दोन-चारशे इकडेतिकडे होतील, पण मांडणी तीच राहील.

आधी गिऱ्हाईक ठरवा, आकडा नंतर

इतर कुठल्याही जिल्ह्यात दुकानदाराला ‘गिऱ्हाईक कुठलं?’ विचारलं तर तो आजूबाजूच्या तालुक्यांची नावं घेतो. आपल्याकडे त्या यादीत दोन-तीन राज्यं येतात. निपाणीच्या व्यापाऱ्याचा अर्धा राबता कोगनोळी नाक्यापलीकडे, कोल्हापूर-कागलकडे. बेळगावच्या खडेबाजारात चंदगड, आजरा, गडहिंग्लजची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येतात. चोर्ला घाटातून गोव्याशी रोजची देवघेव. उद्यमबागेतल्या कारखानदाराचं गिऱ्हाईक पुण्यात आणि होसूरला. तुमचं गिऱ्हाईक यातलं नेमकं कोणतं, यावर तीन गोष्टी ठरतात: वेबसाइट कुठल्या भाषेत हवी, जीएसटीची कुठली भानगड पदरात येणार, आणि माल पोचवायला किती पडणार. वेबसाइटचा खर्च म्हणजे मुख्यतः या तीन उत्तरांचीच बेरीज.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी लिहा. पहिली: वेबसाइटवर कोण यावं असं मला वाटतं, आणि तो कुठे राहतो? दुसरी: आल्यावर त्याने काय करावं? फोन करावा, दुकानात यावं, कोटेशन मागावं, की तिथेच पैसे भरून ऑर्डर द्यावी? ‘सगळंच करावं’ हे उत्तर सगळ्यात महाग पडतं. शहापुरातल्या साडीच्या दुकानाला बहुधा ‘नमुने बघून फोन करावा’ एवढं पुरतं. साडी हातात घेतल्याशिवाय पैसे देणारं गिऱ्हाईक आपल्याकडे अजून थोडं आहे. जांबोटीच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने देणाऱ्याला तारखा आणि रस्ता दाखवायचा असतो. जॉबवर्क करणाऱ्या कारखान्याला मशीनची यादी आणि विश्वास. फक्त कुंदा, करदंट, चप्पल असा पार्सलने जाणारा माल असेल तरच पैसे घेणारी वेबसाइट करण्यात अर्थ आहे, आणि तिथेही हिशेब बसतो का ते पुढे बघूच.

फुकटचं आधी उरका

गुगलवर धंद्याची नोंद फुकट होते. दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, फोन, फोटो भरायचे. पडताळणीसाठी बहुतेक वेळा दुकानाचा व्हिडिओ मागतात, त्यात पाटी, रस्ता आणि आतली जागा दिसली की काम होतं. व्हॉट्सअॅप बिझनेसही फुकट, त्यात मालाची यादी भावासकट टाकता येते. ही दोन कामं करून तीन महिने थांबा. फोन वाढले, पत्ता विचारणारे कमी झाले, आणि तुमचं गिऱ्हाईक सगळं वीस किलोमीटरच्या आतलं असेल, तर वेबसाइटवर खर्चायचे पैसे दुकानातल्या दिव्यांवर खर्च केलेले बरे. वेबसाइट विकणारा हे तुम्हाला सांगणार नाही.

ज्यांना अनोळखी गावातून ऑर्डर हवी आहे, मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्याला तोंड दाखवायचं आहे किंवा पुण्या-मुंबईचा पाहुणा हवा आहे, त्यांनी पुढे वाचावं.

ऑर्डर घ्यायची असेल तर पहिला खर्च सीएचा

सीमेवरच्या माणसाचं गणित इथे हटकून चुकतं. पाचशे किलोमीटरवरचं बंगळूर जीएसटीच्या दृष्टीने घरातलं, आणि बेळगावहून अर्ध्या तासावरची शिनोळी परराज्य. चंदगडचा माणूस तुमच्या गल्ल्यावर येऊन माल घेऊन गेला तर फारसा प्रश्न येत नाही. तोच माल तुम्ही त्याच्या घरच्या पत्त्यावर पार्सलने पाठवला की तो आंतरराज्य पुरवठा होतो.

आता तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल, म्हणजे दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला कमी दराने कर भरण्याची जी योजना आहे तिच्यात, तर तुम्हाला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. वेबसाइटवर कोल्हापूरची पहिली ऑर्डर आली की पंचाईत. जीएसटीची नोंदणीच नसेल तर? कर्नाटकात फक्त मालाचा धंदा राज्यातल्या राज्यात करणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण माल राज्याबाहेर पाठवायचा म्हटलं की ही ४० लाखांची मर्यादा लागू राहत नाही, पहिल्याच पार्सलाआधी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे. कोल्हापुरी चपलेसारखा माल असेल तर ती आपल्याला लागू होते का, हे सीएला आधीच विचारून घ्या.

नियमित नोंदणी घेतली की रिटर्न आली, आणि ती भरणाऱ्याची फी आली. छोट्या धंद्याला वर्षाला आठ ते पंधरा हजार तरी धरा. वेबसाइट करणाऱ्याच्या कोटेशनमध्ये हा आकडा कधीच नसतो, पण तो वेबसाइटमुळेच आलेला खर्च आहे, तेव्हा तिच्याच नावावर लिहायचा. एक बरं आहे: नियमित नोंदणी असली की वेबसाइटच्या बिलावर भरलेला १८ टक्के जीएसटी वळता करून घेता येतो. त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. बिल देणारा बेळगावचा असो की कोल्हापूरचा, क्रेडिट मिळायला अडचण नाही. कंपोझिशनवाल्याला आणि नोंदणी नसलेल्याला मात्र हा १८ टक्के खिशातूनच जातो.

दरवर्षी लागणारा खर्च

वेबसाइट एकदा बांधली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ती भाड्याच्या गाळ्यासारखी आहे. फर्निचर एकदा केलं तरी भाडं चालू राहतं आणि ते थकलं की शटर बंद.

पहिलं डोमेन, म्हणजे नाव. डॉट इन वर्षाला साधारण सहाशे ते नऊशे, डॉट कॉम हजार ते चौदाशे. पहिल्या वर्षी ‘९९ रुपयांत’ अशी जाहिरात दिसते, त्याकडे बघू नका. नूतनीकरणाचा दर विचारा, खरा दर तोच. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, पण त्यावर ईमेल चालवताना अडचणी येतात, तेव्हा इंग्रजी अक्षरांतलं नाव घ्यावंच लागतं. नाव निवडताना गावाचं स्पेलिंग आडवं येतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण मुंबई-पुण्याचा माणूस कुंदा शोधताना अजून जुनंच स्पेलिंग टाकतो. डोमेनच्या नावात गाव घालायचंच नाही हा सोपा मार्ग. पानावरच्या मजकुरात मात्र दोन्ही रूपं आली पाहिजेत.

डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच फोन नंबरवर घ्या. यात तडजोड नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावात, इंजिनिअरिंग कॉलेजं आसपास, त्यामुळे वेबसाइट करून देणारी हुशार पोरं गल्लोगल्ली सापडतात. काम चांगलं करतात, पैसे कमी घेतात. पण आठव्या सेमिस्टरनंतर तोच पोरगा बंगळूरला नोकरीला लागतो, नंबर बदलतो, आणि डोमेन त्याच्या जुन्या ईमेलवर अडकून बसतं. पोराचा दोष नाही. नाव आपल्या हातात ठेवणं हे धंदेवाल्याचं काम.

दुसरं होस्टिंग, म्हणजे वेबसाइट जिथे राहते ती जागा. छोट्या माहितीपर वेबसाइटला वर्षाला तीन ते पाच हजारांत चांगली जागा मिळते, दुकान चालवायचं असेल तर पाच ते आठ हजार. ‘महिना ७९’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम मागतात, आणि नंतर दर तिप्पट होतो. सर्व्हर, म्हणजे वेबसाइट ठेवलेलं मशीन, मुंबईतला निवडा. वेबसाइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली देवघेव सुरक्षित ठेवणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. त्याचे वेगळे दोन हजार कुणी लावले तर कशासाठी ते विचारा.

तिसरं, धंद्याच्या नावाचं ईमेल. मिठाईच्या दुकानाला याची गरज नाही. उद्यमबाग किंवा मच्छेतल्या कारखान्याला आहे, कारण पुण्याच्या खरेदी अधिकाऱ्याला साध्या जीमेलवरून आलेलं कोटेशन कच्चं वाटतं. माणशी महिन्याला साधारण साठ रुपयांपासून पुढे सुरुवात होते.

नूतनीकरण आपोआप होईल या भरवशावर राहू नका. कार्डावरून आपोआप पैसे वळते व्हायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेत मँडेट, म्हणजे आधी दिलेली परवानगी, नोंदलेलं असावं लागतं, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ते बऱ्याचदा फसतं. डोमेन एकदम तीन-पाच वर्षांचं भरा आणि संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.

बांधणीचा दर

पाच-सात पानांची माहितीपर वेबसाइट: विद्यार्थी किंवा एकटा काम करणारा आठ ते पंधरा हजारांत करतो, टिळकवाडीतलं छोटं ऑफिस वीस ते चाळीस, पुणे-बंगळूरची एजन्सी साठ हजारांपासून पुढे. ऑर्डर घेणारी करायची तर यात सरसकट दीड-दोन पट वाढ. बहुतेक जण वर्डप्रेसवर करतात. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यावर चढवलेली काही प्लगिनं, म्हणजे जादा सोयींचे छोटे प्रोग्राम, दरवर्षी पैसे मागतात. कुठलं प्लगिन फुकट आणि कुठलं विकतचं, ही यादी कोटेशनसोबतच मागा. दुसरा मार्ग शॉपिफायसारख्या तयार दुकानांचा. बांधणी स्वस्त, पण महिन्याला दीड-दोन हजार कायम. महिन्याला शंभरच्या वर ऑर्डरी जाणार असतील तर तो मार्ग चांगला, नाहीतर महागात पडतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या वेबसाइटला मधला माणूस निवडा: गावातलाच, निदान तीन-चार वर्षं ऑफिस टाकून बसलेला, ज्याच्याकडे जाऊन समोर बसता येतं. त्याने केलेल्या जुन्या वेबसाइटवाल्यांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘काम झाल्यावर फोन उचलतो का?’

भाषेचा खर्च वेगळा मांडा

सीमाभागात हा भाग सगळ्यात मोठा. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवी हे २०२४ पासून सगळ्यांना माहीत झालंय. तो पाटीचा विषय. वेबसाइटची भाषा पहिल्या पानावर लिहिलेल्या गिऱ्हाइकावरून ठरवायची. कारखान्याला इंग्रजी पुरते. कोल्हापूर-चंदगडचं गिऱ्हाईक असेल तर मराठी हवीच. गोकाक, बैलहोंगल, धारवाडकडचं असेल तर कन्नड टाळणं म्हणजे हातचं गिऱ्हाईक घालवणं. दोन्हीकडचं असेल तर दोन भाषा करा, तिसरी पुढच्या वर्षी.

दुसरी भाषा म्हणजे दुप्पट खर्च, असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका. पानांचा सांगाडा तोच राहतो, बांधणीत वीस-तीस टक्के वाढ रास्त आहे. खरा खर्च मजकुराचा. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच टाकलं की मालाची नावं विनोदी होतात, आणि धारवाडचा माणूस दुसऱ्या ओळीलाच ओळखतो की हे कुणी वाचून बघितलेलं नाही. कन्नड शाळेतला एखादा शिक्षक किंवा प्रेसमधला मुद्रितशोधक पानामागे तीनशे-पाचशे रुपयांत सगळं नीट करून देईल. मराठीचंही तसंच. आपली भाषा म्हणून आपण गाफील राहतो आणि ‘आमच्या विषयी’सारख्या तुटक्या शब्दांनी पान भरतो.

एक तांत्रिक अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्यावर हमखास पैसे जातात. तुमचं पत्रक प्रेसवाल्याने श्रीलिपीत केलेलं असतं, कन्नड पत्रक जुन्या नुडीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टांत. ‘मजकूर आहे की, तोच घ्या’ म्हणून आपण ती फाइल देतो, आणि वेबसाइटवर चिन्हांचा कचरा उमटतो. वेबसाइटला युनिकोडमधलाच, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखा दिसणारा, मजकूर लागतो. फाइल बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं बिघडतात आणि पुन्हा तपासावं लागतं. चार-पाच पानं असतील तर नव्याने टाइप करून घेणं स्वस्त. फॉन्टला पैसे देऊ नका. नोटो, मुक्त, बलू हे फुकट आहेत. नोटो आणि बलूमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही असल्याने दोन भाषांची पानं एकाच घरातली दिसतात.

फोटो

मजकुरापेक्षा फोटो जास्त विकतात. खिडकीशेजारी सकाळच्या उजेडात चांगल्या मोबाइलने काढलेले पुरतात. कुंद्यासारखा तपकिरी पदार्थ मात्र हौशी माणसाच्या हातात चिखलासारखा दिसतो, तिथे फोटोग्राफरला अर्धा दिवस बोलवा. लग्नसराई नसताना तीन ते पाच हजारांत होतं. दुसऱ्याच्या वेबसाइटवरचे फोटो उचलू नका. आणि फोटो छोटे करून चढवायला सांगा. कणकुंबीच्या पट्ट्यात, जिथे फोनला जेमतेम रेंज असते, तिथे तुमचं पान उघडतंय का, हे पैसे चुकते करण्याआधी बघून घ्या.

पैसे घेणं आणि माल पोचवणं

ज्यांना ऑर्डर घ्यायची नाही त्यांनी हा भाग सोडून द्यावा.

पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर पैसे स्वीकारून देणारी सेवा, साधारण दोन टक्के घेतो, वर त्या दोन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभराला २ रुपये ३६ पैसे. यूपीआयवर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापला जाणारा आकार, २०२० पासून शून्य आहे, पण गेटवे आपली सेवा म्हणून काही आकारतो का, ते लेखी विचारा. दिवसाला दोन-तीन ऑर्डरी असतील तर गेटवे नकोच. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर घ्या, बँकेचा क्यूआर पाठवा. गेटवे हवा असेल तर वेबसाइटवर परतावा, पाठवणी, गोपनीयता आणि संपर्क अशी पानं असल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, तेव्हा ती पानं कोटेशनमध्येच धरा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव देणं सक्तीचं आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे मालकच, पण नाव दिसायला हवं. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक, पाकिटबंद माल असेल तर वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता हेही पानावर हवं.

कुरिअरचा खर्च वजनावर नाही, फसव्या वजनावर लागतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक कंपन्यांत ५००० ने भागायची. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर पैसे त्याचे. ३० बाय २० बाय १५ चा खोका १ किलो ८०० ग्रॅमचा धरला जातो, आत चप्पल पाऊण किलोची असली तरी. म्हणून खोका मापाचा करून घ्या. कोल्हापूर कुठल्या झोनमध्ये धरतात हेही कुरिअरवाल्याला आधी विचारून घ्या, आपल्याला जवळ वाटणारं गाव त्यांच्या तक्त्यात जवळ असेलच असं नाही.

मालाचा स्वभावही बघा. गोकाकचं करदंट गुळाचं आणि सुक्या मेव्याचं, ते प्रवास सोसतं. कुंदा दुधाचा. मे महिन्यात चार दिवसांच्या वाटेवर पाठवलेला कुंदा परत आला तर माल गेला, कुरिअर गेलं आणि गिऱ्हाईकही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे, त्यामुळे अथणीकडच्या कारागिराला सांगायला मोठी गोष्ट आहे. पण चपलेत माप चुकतं आणि माल परत येतो. दहातली एक जोडी परत येईल असं धरून दोन्ही वेळचं कुरिअर भावात घाला. माल घरी पोचल्यावर पैसे देण्याची सोय सुरुवातीला ठेवूच नका.

तीन वर्षांचा हिशेब

आता वहीत बेरीज. एका वर्षाचा हिशेब फसवा असतो, नेहमी तीन वर्षांचा मांडा. दोन नमुने देतो, आकडे जीएसटी सोडून.

समजा उद्यमबागेतला जॉबवर्कचा छोटा कारखाना. इंग्रजीत सहा पानं. बांधणी २५,०००, फोटो ५,०००, डोमेन ९००, होस्टिंग ४,०००, दोन माणसांचं ईमेल २,४००. पहिलं वर्ष ३७,३००. पुढची दोन वर्षं डोमेन, होस्टिंग, ईमेल मिळून ७,३०० आणि देखभालीचे ६,०००, म्हणजे वर्षाला १३,३००. तीन वर्षांत ६३,९००, महिन्याला पावणेअठराशे. तीन वर्षांत एक नवं, टिकणारं गिऱ्हाईक मिळालं तरी कारखान्याचे पैसे वसूल.

समजा मिठाईचं दुकान, मराठी आणि इंग्रजी, ऑर्डर घेणारी वेबसाइट. बांधणी ४५,०००, दोन भाषांचा मजकूर ८,०००, फोटो ६,०००, डोमेन ९००, होस्टिंग ६,०००. पहिलं वर्ष ६५,९००. पुढे वर्षाला ६,९०० आणि देखभाल १२,०००, म्हणजे १८,९००. तीन वर्षांत १,०३,७००. आता एक किलो कुंदा ६०० ला विकला, त्यात सुटणारे १५० धरले. कुरिअरचे ११० गिऱ्हाईक देतंय. ७१० वर गेटवेचे १७, खोका-टेपचे ३५. हातात उरले ९८. वेबसाइटचा खर्च निघायला तीन वर्षांत हजारावर ऑर्डरी हव्यात, महिन्याला तीसच्या आसपास. त्यातून रिटर्न भरणाऱ्याची फी अजून धरलेली नाही.

तुमचे आकडे घालून हीच बेरीज करा. तीस ऑर्डरी जमतील असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नसेल तर ऑर्डर घेणारी वेबसाइट करू नका. साधी पाच पानं करा, व्हॉट्सअॅपचं बटण लावा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की बंगळूरची माणसं कुंदा नेतातच, त्यांना एक छापील क्यूआर हातात द्या आणि त्यातले किती जण जानेवारीत पुन्हा मागवतात ते मोजा. ती संख्या पुढच्या वर्षीच्या निर्णयाला पुरेशी आहे.

कोटेशन आणि हप्ते

आता दर विचारायला बाहेर पडा. तिघांनाही तोच एक कागद द्या: किती पानं, कुठल्या भाषा, फोटो-मजकूर कोण देणार, ऑर्डर हवी की नको. उत्तरात या गोष्टी लेखी मागा, व्हॉट्सअॅपवर लिहून आल्या तरी चालतील:

डोमेन, होस्टिंग आणि वेबसाइटच्या अॅडमिनचे पासवर्ड मालकाकडे राहतील. मजकूर बदलायच्या किती फेऱ्या दरात आहेत. काम झाल्यावर किती महिने दुरुस्ती फुकट. बॅकअप कोण घेणार आणि कुठे ठेवणार. दुसऱ्या वर्षापासून नेमकं किती द्यायचं.

शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो त्याला सोडून द्या.

पैसे तीन हप्त्यांत: चाळीस टक्के अॅडव्हान्स, चाळीस नमुना वेबसाइट बघून, वीस सगळे पासवर्ड हातात आल्यावर आणि तुम्ही स्वतः ते टाकून आत गेल्यावर. सगळे फोटो आणि मजकूर तुम्ही वेळेवर दिले नाहीत तर काम लांबतं, याचा दोष त्याच्यावर टाकू नका. दहातल्या सात वेबसाइट मालकाने फोटो न दिल्यामुळे रखडतात, असा या धंद्यातल्या लोकांचा अनुभव आहे आणि त्यात तथ्य आहे.

बजेट तोकडं पडलं तर

कापाकापी करायची तर सरकणारी चित्रं, ब्लॉग, चॅटचा चौकोन, तिसरी भाषा, या क्रमाने. डोमेन, बॅकअप आणि मजकूर तपासणारा माणूस यांना हात लावू नका. एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्के राखून ठेवा, कारण काम अर्ध्यावर असताना ‘हे पण करूया की’ असं आपणच म्हणतो.

जाहिरातीचे पैसे या बजेटात मिसळू नका, ते वेगळे. सुरुवातीला महिन्याला दोन-तीन हजार पुरे, तेही गणपती, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी. जाहिरात लावणारा सवयीने ‘कर्नाटक’ हे राज्य निवडतो. मग तुमचे पैसे मंगळूर-म्हैसूरला खर्च होतात आणि गडहिंग्लजच्या गिऱ्हाइकाला जाहिरात दिसतही नाही. राज्याच्या जागी दुकानापासूनचं अंतर निवडायला सांगा, नाहीतर तालुक्यांची नावं एकेक करून घालायला लावा: चिकोडी, हुक्केरी, खानापूर, कागल, चंदगड, आजरा, गडहिंग्लज.